देवाचं वकीलपत्र

नवी मुंबईत देवसुद्धा भाडेपट्ट्यानं राहतो. सिडको १९७० साली स्थापन झाली, तिनं खाडीकाठच्या गावांच्या जमिनी घेतल्या, नकाशावर आधी रेघा मारल्या आणि मग त्या रेघांच्या मधे माणसं आणून ठेवली. शाळा इथे, भाजीबाजार तिथे, स्मशान पलीकडे, आणि मधूनमधून ‘धार्मिक प्रयोजनासाठी’ राखून ठेवलेला एखादा भूखंड. त्यामुळे अयप्पा असो, बालाजी असो, ज्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पान हलत नाही त्यालाही इथे अर्ज, अनामत रक्कम, करारनामा आणि ना हरकत दाखला यांतून जावं लागतं. अपवाद गावदेवीचा. ती आगरी-कोळ्यांच्या गावठाणात सिडकोच्या आधीपासून बसलेली आहे आणि तिच्याकडे सात-बारा मागायची कुणाची हिंमत झालेली नाही.

मी सारी नोकरी लेखापरीक्षणात घालवली. ‘व्हाउचर कुठे आहे?’ हा प्रश्न इतका अंगवळणी पडला की लग्नानंतर बायको पहिल्यांदा ‘डोकं दुखतंय’ म्हणाली तेव्हाही तो ओठांपर्यंत येऊन परत गेला. अशा माणसाला देवाची ही कागदोपत्री अवस्था पाहून बरं वाटणारच. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं बावखळेश्वराचं भलंमोठं देऊळ २०१८ च्या नोव्हेंबरात न्यायालयाच्या आदेशानं पाडलं गेलं. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. ते मंदिर राहणार की जाणार, याचा निकाल देव आहे की नाही यावर लागला नाही. भूखंड कुणाचा यावर लागला. इतक्या पिढ्यांच्या आचार्यांनी भाष्यांवर भाष्यं लिहिण्यापेक्षा आधी मोजणी खात्यात चौकशी करायला हवी होती, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

तर मी नास्तिक. आमच्या सेक्टरमध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ती सगळ्यांना सांगितलेली आहे. बारशात सांगितली, साखरपुड्यात सांगितली, हार्बरच्या लोकलमध्ये वाशीच्या खाडीवर खिडकीतून नाणं टाकून हात जोडणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगितली. (तो म्हणाला, ‘नाणं माझं आहे ना?’ यावर आक्षेप घ्यायला मला नियम सापडला नाही.)

हे वेड लागलं कुठून, तेही सांगतो. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर विवेकजागराचा ‘वाद-संवाद’ करत फिरायचे. तशा एका कार्यक्रमाला मित्रानं ओढून नेलं. लागूंचं म्हणणं सरळ होतं: देव नावाच्या कल्पनेला आता निवृत्त करा. दाभोलकर त्याच व्यासपीठावरून म्हणायचे की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं चाललेल्या लुबाडणुकीशी आहे. दोघं एका बाजूचे असून त्यांच्यात मतभेद होता आणि तो मतभेद ते लोकांसमोर मांडत होते, ही त्यातली खरी मजा. माझ्या मात्र डोक्यात राहिला तो लागूंचा आवाज. तो खर्ज, ते थांबणं. घरी आल्यावर मी तो आवाज लावून ‘देव... ही एक... कालबाह्य... संकल्पना आहे’ असं म्हणून पाहिलं. आतून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘घसा बसलाय का? हळद-दूध देऊ?’

विचार पटला होता की आवाज, याचा निकाल अजून लागलेला नाही. पण कपाटात पुस्तकं आली. १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आगरकर आले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून खटले अंगावर घेणारे र. धों. कर्वे आले. आगरकरांची लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. माझी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून हकालपट्टी झाली, तीही रात्रीपुरती, कारण सकाळी टँकरचा हिशेब करायला कुणी मिळेना. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी मात्र मी कुणाशी वाद घातला नाही. विवेकाची किंमत मोजणारे लोक निराळे. मी सवलतीच्या दरातला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून ती वापरली गेली. २१ सप्टेंबर १९९५. देशभर गणपती दूध पीत होते. दिल्लीतल्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते कुठून कुठे ओघळतं ते दाखवलं, पण ती बातमी पोचेपर्यंत नेरुळमधलं दूध संपत आलं होतं. मी ऑफिसातून लवकर निघालो आणि वाटी-चमचा घेऊन जवळच्या देवळातल्या रांगेत उभा राहिलो. हेतू शुद्ध वैज्ञानिक होता. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं, पातळ थर होऊन खाली उतरतं आणि पायथ्याशी साचतं, हे मी तिथल्या तिथे समजावून सांगणार होतो. आवक सोंडेपाशी, जावक मोरीपाशी, दोन्हीचा मेळ घालून दाखवायचा. लेखापरीक्षकाला याहून सोपी केस मिळणार नाही.

माझी पाळी आली. चमचा टेकवला. दूध गेलं. मी वळून घसा खाकरला, आवाज लावला, आणि ‘पृष्ठ...’ एवढंच म्हणतोय तोवर मागच्या बाई ओरडल्या, ‘अहो, पाहिलंत का! ह्यांच्याही हातचं प्यायले! आणि हे म्हणे मानत नाहीत!’ लोकांनी माझ्यासाठी वाट करून दिली. पुजाऱ्यांनी हातावर खोबरं ठेवलं. एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. पृष्ठताण तसाच राहिला.

आता सोसायटी. आमच्या फाटकाच्या कोपऱ्यात लोक थुंकायचे. सेक्रेटरींनी उपाय म्हणून भिंतीवर देवादिकांच्या टाइल्स लावल्या. साईबाबा, गणपती, मक्का-मदिना, येशू, गुरुनानक, एका ओळीत, भेदभाव नाही. थुंकणं थांबलं. मग एका गुरुवारी साईबाबांच्या टाइलला हार आला. हार आला म्हणून उदबत्तीचं घर आलं. उदबत्ती पावसात विझते म्हणून पत्रा आला. पत्र्याला आधार म्हणून लोखंडी खांब आले, आणि खांबांवर ‘अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी. तोपर्यंत मी गप्प होतो. पाटी लागल्यावर मात्र माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला आणि मी कार्यकारिणीला पत्र लिहिलं: मंजूर नकाशात सदर शेड आढळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत आदेश दिलेले आहेत, खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही, खुलासा व्हावा. शेवटी, न राहवून, ‘तसेच ईश्वराचे अस्तित्व अद्याप सिद्ध झालेले नाही’ असं एक वाक्य टाकलं.

सोसायटीची जागा सार्वजनिक नव्हे, असं उत्तर देऊन माझा सगळा अर्ज निकालात काढता आला असता. पण सगळे त्या शेवटच्या वाक्यावरच तुटून पडले. गटावर रात्रभर चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंनी हात जोडलेल्या बाहुल्या पाठवल्या. कुणी गीतेतला श्लोक टाकला, कुणी आइन्स्टाइनचा फोटो. (आइन्स्टाइन आमच्या गटात दोन्ही बाजूंनी लढतात.) शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला: गणेशोत्सवात अंताक्षरी आणि पाककला स्पर्धा यांच्यामध्ये अर्धा तास मोकळा आहे, त्यात ‘देव आहे की नाही’ हा वाद घेऊ. नाही म्हणायला मी. आहे म्हणायला तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर. प्रेक्षक हात वर करून निकाल देतील आणि तो सगळ्यांवर बंधनकारक राहील. वेदान्त्यांना जे जमलं नाही ते सहकारी गृहनिर्माण संस्था अर्ध्या तासात उरकणार होती.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आषाढात वारीला जायचे. दोन्ही कामांत त्यांना कधी अडचण आली नाही. मला हे नेहमीच संशयास्पद वाटत आलं. मी जय्यत तयारी केली. चार्वाक काढले, जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज न मानणारे सांख्य काढले. फलज्योतिषावर जयंत नारळीकरांनी पुण्यात घेतलेली चाचणी काढली: पत्रिका देऊन हुशार मुलं आणि मतिमंद मुलं ओळखायला सांगितलं, तर ज्योतिष्यांचा निकाल नाणं उडवून केलेल्या अंदाजाहून बरा आला नाही. कार्डांवर मुद्दे लिहिले. आरशासमोर खर्ज लावला. आरशामागून विचारणा झाली, ‘हळद-दूध?’

कार्यक्रमाच्या तासभर आधी मास्तर घरी आले. धोतर, टोपी, बुक्का नाही. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘मी त्याच्या बाजूनं बोलणार नाही.’

‘कुणाच्या?’

‘त्याच्या.’ वर बोट दाखवलं. वर पाचव्या मजल्यावर खजिनदार राहतात, त्यामुळे मी क्षणभर गोंधळलो.

मास्तरांची बायको २०२१ च्या करोनाच्या लाटेत गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी वारी झाली नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. मास्तरांनी घरातच टाळ वाजवून एकादशी केली होती. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे भेटायला गेलो तेव्हा ऐकलं होतं. ‘मी कधी काही मागितलं नव्हतं,’ मास्तर म्हणाले. ‘एकदाच मागितलं. आता त्याची वकिली करायची म्हणजे... नाही. आज मी विरोधात बोलणार. तुम्ही त्याची बाजू घ्या.’

‘मी? मास्तर, मी नास्तिक आहे.’

‘म्हणून तर. तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही नुसते बोलता.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढ्या वर्षांत माझ्या नास्तिकपणाची इतकी नेमकी तपासणी कुणी केली नव्हती. मी कार्डं पुढे केली, म्हटलं निदान ही घ्या, विरोधाचे मुद्दे आहेत. मास्तरांनी सांख्यांचं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. ‘ह्याचा काय उपयोग? माझं भांडण त्याच्याशी आहे, कपिल मुनींशी नाही.’

मंडपात गर्दी होती. ती वादासाठी होती असं म्हणवत नाही, पाककलेचे पदार्थ आधीच मांडून ठेवले होते. स्टेजवर मधोमध गणपती, त्याच्या उजव्या हाताला मास्तर, डाव्या हाताला मी. सेक्रेटरींनी बाजू बदलल्याचं जाहीर केलं तेव्हा हशा पिकला. मागच्या रांगेतून सौभाग्यवतींचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता.

मास्तर उठले आणि त्यांनी देवाला झोडपायला सुरुवात केली. मी लागू ऐकले आहेत, दाभोलकर ऐकले आहेत, पण असं ऐकलं नव्हतं. युक्तिवाद एकही नाही. सगळं अरे-तुरे. ‘कमरेवरचे हात काढ की एकदा! सगळा जन्म तुझ्याकडे चालत आलो, तुला जिना उतरवला नाही?’ जनाबाईनं विठ्ठलाला जे सुनावलं त्यानंतर कुणी इतकं सुनावलं असेल तर ते नेरुळमध्ये आमच्या मास्तरांनी. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. ज्याच्याशी माणूस इतक्या तावातावानं भांडतो तो नाही असं कुणाला वाटणार? नास्तिक पक्षाची यापेक्षा वाताहत मी स्वतः बोलूनही केली नसती.

मग माझी पाळी. कार्डं सगळी उलट्या बाजूची. घशाला कोरड. मी आधी औंढ्या नागनाथाची कथा सांगितली: विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव रागावले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. लोक माना डोलावू लागले, म्हणून धीर आला. पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि घड्याळात अजून बरीच मिनिटं शिल्लक होती. तेव्हा मी माझ्या धंद्यावर आलो.

म्हटलं, मंडळी, हिशेबाच्या वहीत एक उचंत खातं असतं. ताळेबंद जुळत नाही, कुठेतरी फरक राहतो, तो का राहतो ते आज कळत नाही. तेव्हा तो फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकायचा आणि बेरीज जुळवायची. मी आयुष्यभर उचंत खात्यावर शेरे मारले. ‘ही रक्कम इतकी वर्षं इथे का? तत्काळ निकाली काढावी.’ पण खरं सांगतो, ते खातं नसेल तर संध्याकाळी कुणाची वही मिटणार नाही, कुणी घरी जाणार नाही. मास्तरांच्या वहीत फार मोठा फरक राहिला आहे. तो मला सापडणार नाही, डॉक्टरांना सापडला नाही. मग तो कुठे लिहायचा?

हे मी लागूंच्या आवाजात बोललो. त्या आवाजात मी देवाच्या बाजूनं बोलत होतो, हे लक्षात येऊन मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण टाळ्या काही थांबेनात. प्रश्नोत्तरांत बारावीतला एक मुलगा म्हणाला, ‘काका, पण फरक सापडला की उचंत खातं बंद करतात ना?’ पोरगं बरोबर बोललं होतं. उत्तर माझ्या खिशातल्या कार्डांवर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. मी ‘छान प्रश्न’ म्हटलं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी उठल्या. त्यांना वाटलं मी नेहमीप्रमाणे विरोधातच आहे. काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, ‘तू सारखा नाही नाही म्हणतोस. बरं, नाही. मग संध्याकाळी सात वाजता करायचं काय, ते सांग!’

चार्वाकांपासून कर्व्यांपर्यंत सगळं कपाट मी मनातल्या मनात उलथंपालथं केलं. सकाळचं आहे, दुपारचं आहे, मोक्षाचंही आहे. संध्याकाळी सातचं कुठे सापडेना. ‘टीव्ही...’ असं मी म्हणालो बहुतेक. आजी बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून ताशेरा स्पष्ट वाचता येत होता.

हात वर झाले. सगळे माझ्या बाजूनं. खरं तर गणपती समोर बसलेला असताना त्याच्याविरुद्ध हात वर करण्याची छाती कुणाची असणार? मास्तरांनीही माझ्याच बाजूनं हात वर केला, हे मात्र मला खटकलं. मी चढ्या आवाजात आक्षेप घेतला की पक्षकाराला मतदान करता येत नाही. तो फेटाळला गेला.

बक्षीस काय ते मी आधी विचारलं नव्हतं. स्टीलचा डबा असेल अशी समजूत होती. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला: ‘विजेत्यांना उद्याच्या सत्यनारायणाच्या पूजेला सपत्नीक बसण्याचा मान!’

रात्री मी घरी बाजू सावरायला लागलो. म्हटलं, पूर्वमीमांसा दर्शन पाहा, मीमांसक सगळी कर्मकांडं काटेकोर करतात, पण जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. त्यांच्या मते कर्म केलं की फळ मिळतं, मधे देवाची सही लागत नाही. तेव्हा मी पूजेला बसलो तरी तत्त्वाला बाधा येत नाही, मी मीमांसक म्हणून बसेन. सौभाग्यवती कपाटातून माझ्या मुंजीनंतर कुणी न उलगडलेला कद काढत होत्या. म्हणाल्या, ‘असा काय असायचं ते. आधी हा कमरेला पुरतो का बघा.’

पुरला नाही. सेफ्टी पिना लावल्या.

गुरुजी तरुण होते, मोटारसायकलवरून आले. पूजेत मला एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे संकल्प. मी तो नीट कधी ऐकलाच नव्हता. जंबुद्वीपापासून सुरुवात, मग भरतवर्ष, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा कुठला तीर, संवत्सराचं नाव, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि शेवटी गुरुजींनी न अडखळता नेरुळ, सेक्टर, प्लॉट नंबर आणि विंगसुद्धा घातली. विश्वात नेमका कुठे आणि नेमका केव्हा कोण काय करतोय याचं इतकं बिनचूक व्हाउचर मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही. मी भारावून ‘वा!’ म्हणालो. गुरुजी म्हणाले, ‘गोत्र?’ मला गोत्र आठवेना. ‘हरकत नाही, माहीत नसेल तर काश्यप,’ ते म्हणाले आणि पुढे गेले. म्हणजे उचंत खातं तिथेही होतंच.

कथा सुरू झाली. पाट टणक, पिना टोचणाऱ्या. पाचव्या मजल्यावरच्या खजिनदारांनी पुरवलेला शिरा पडद्यामागे गरम होत होता. मी ठरवलं होतं की कथा संपता संपता पाय मोकळे करायच्या निमित्तानं उठायचं आणि प्रसाद टाळायचा. पूजा हे कर्म, प्रसाद ही श्रद्धा, एवढी तरी रेघ मारायलाच हवी. नेमका साधुवाण्याच्या कलावतीचा प्रसंग आला. प्रसाद न घेता ती घाईनं नवऱ्याला भेटायला धावली आणि नवऱ्यासकट नौका अदृश्य झाली. त्याच वेळी मी उठलो.

आणि वीज गेली.

सगळा मंडप अंधारात. समईच्या उजेडात मी एकटा, अर्धवट उभा, कमरेला हात लावून. ‘अरे, बसा!’ कुणीतरी ओरडलं. ‘बसा हो आधी!’ मल्याळी काकू त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, ते नामस्मरणच असावं. मी बसलो.

वीज आली.

संभाव्यतेचं गणित मला येतं. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, येते. मी उठतो, बसतो. दोन्हींत कार्यकारणभाव नाही, हे मी कुणालाही कागदावर मांडून देईन. त्या वेळी मात्र मी मांडी घट्ट केली आणि शिरा येईपर्यंत नाकावरची माशीसुद्धा उडवली नाही. शिरा आला. सव्वाच्या मापात रवा, तूप, साखर, वर केळं, बेदाणे. मी दुसरी वाटी मागितली. चव हा स्वतंत्र विषय आहे, असं मी शेजारी बसलेल्या बारावीतल्या मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. हल्ली मुलांना मोठ्यांचा आदर राहिलेला नाही.

यानंतर माझी जी काही बढती झाली तिला मी जबाबदार नाही. फाटकाच्या शेडसाठी मंदिर उपसमिती झाली आणि देवाची बाजू इतकी चांगली मांडणारा माणूस म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत कार्यसूचीवर पहिला विषय होता: अमुक तारखेच्या हरकतीच्या पत्रास उत्तर देणे. पत्र माझंच. मी ते पुन्हा वाचलं, भाषा उद्धट वाटली. खुलासा लिहिला, हरकत फेटाळली, आणि उत्तराची प्रत पोच घेऊन मलाच दिली. जमाखर्च मात्र चोख आहे. नारळाचंसुद्धा व्हाउचर आहे.

मास्तर आता रोज संध्याकाळी येतात. आधी मला वाटलं, दुःखात आहेत, चार दिवस येतील. पण माझ्या कपाटातून त्यांनी आगरकर नेले, वाचून परत आणले, मग कर्वे नेले, आणि आता येतात ते थेट वादाच्या पवित्र्यात. चार्वाक माझ्याहून नीट समजावतात. देव नाही हे त्यांनी इतकं पद्धतशीर सिद्ध केलं आहे की मी त्यांना सहज मान्य करून टाकलं असतं. एकदा तसं केलंही. ‘पटलं मास्तर,’ म्हटलं. मास्तर गप्प झाले, चहा अर्धा ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी सात वाजले, साडेसात झाले, मास्तर नाहीत. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दारातूनच ओरडलो, ‘मास्तर, काल बोलायचं राहिलं. तुमच्या त्या मुद्द्यात एक गफलत आहे!’ आतून चपला पायात सरकवल्याचा आवाज आला.

तेव्हापासून देवाची बाजू कायमची माझ्याकडे आहे. वकीलपत्र सोडता येत नाही, अशील कधी समोर येत नाही, फीचा तर विषयच नाही. काल मास्तर जाता जाता बजावून गेले की उद्या ते कर्मसिद्धान्ताचा समाचार घेणार आहेत, ज्ञानेश्वरीतला आधार असेल तर घेऊन बसा. आज दुपारी मी देवघराशी गेलो, खालचा कप्पा उघडला आणि पोथीच्या दिशेनं हात घातला.

‘आधी हात धुऊन या,’ आतून आवाज आला.